३९२ बिलं, सेकंदाला एक: जावास्क्रिप्टला थांबवण्याचं एक प्रकरण

ठाण्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या बाजूला एक गृहसंकुल. सात इमारती, प्रत्येकी चौदा मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे एकूण ३९२ सदनिका. महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक घराला मेंटेनन्सच्या बिलाचा एसएमएस जायला हवा: रक्कम, मुदत आणि बिलाची लिंक. पूर्वी वॉचमन कागदी बिलं वाटायचा. मग सोसायटीतल्याच, ऐरोलीला नोकरी करणाऱ्या एका मुलाने सेक्रेटरीकाकांसाठी एक वेबपान बनवून दिलं. एक्सेलची यादी चढवायची आणि ‘पाठवा’ दाबायचं. अट एकच होती. एसएमएस गेटवे, म्हणजे संदेश मोबाइलपर्यंत पोचवणारी सेवा, एका खात्यावरून सेकंदाला एकच विनंती स्वीकारतो, त्याहून जास्त आल्या की ४२९ हा कोड देऊन परत पाठवतो.

म्हणजे काम इतकंच: एक पाठव, एक सेकंद थांब, पुढचा पाठव. इतर बऱ्याच भाषांमध्ये ‘स्लीप’ लिहून मोकळं होता येतं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत मात्र याच एका सेकंदापायी पानाच्या चार आवृत्त्या झाल्या आणि प्रत्येक आवृत्ती वेगळ्या जागी आपटली. नावं बाजूला ठेवली आहेत आणि आकडे हिशोबाला सोपे पडतील असे घेतले आहेत. चुका मात्र अशाच होतात, आणि बहुधा याच क्रमाने होतात.

पहिली आवृत्ती: सगळे एकदम

यादीवर फॉर लूप फिरवला आणि लूपच्या आत सेटटाइमआउट लावून एक हजार मिलिसेकंदांनी ‘पाठव’ हे फंक्शन चालवायला सांगितलं. वाचताना वाटतं की प्रत्येक फेरीला एक सेकंद लागेल. पण सेटटाइमआउट थांबवत नाही, फक्त नोंद करून ठेवतो: ‘एवढ्या वेळाने हे चालव’. नोंद झाली की त्याच क्षणी पुढची ओळ सुरू. ३९२ नोंदी काही मिलिसेकंदांत झाल्या आणि एका सेकंदाने सगळ्या एकामागोमाग पिकल्या.

तरी ब्राउझर सगळ्या विनंत्या एका दमात सोडत नाही. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाची एचटीटीपी १.१ ही आवृत्ती असेल तर एका सर्व्हरकडे एका वेळी साधारण सहाच जोडण्या उघडतात. एका विनंतीचं उत्तर यायला पाव सेकंद धरलं, तर सेकंदाला चोवीस विनंत्या होतात आणि सगळ्या संपायला सोळा-सतरा सेकंद लागतात. गेटवेने सेकंदाला एक या दराने सतराएक स्वीकारल्या आणि उरलेल्या ३७५ ना ४२९ मिळाला.

पानावर मात्र हिरव्या अक्षरांत ‘३९२ संदेश पाठवले’ असं आलं. खरी गोम इथे आहे. विनंती पाठवणाऱ्या फेचचं प्रॉमिस (‘उत्तर नंतर मिळेल’ हा वायदा) ४२९ किंवा ५०० (सर्व्हरची चूक) आल्यावर फेटाळलं जात नाही. उत्तर आलं एवढंच त्याला पुरतं, मग ते उत्तर नकाराचं का असेना. फेटाळलं जातं ते नेटवर्कच तुटलं तर. त्यामुळे ‘कॅच’मध्ये चूक पकडली असं समजणारा कोड नकार मिळाला तरी यश मोजत राहतो. उत्तराचा ‘ओके’ हा गुणधर्म स्वतःहून तपासावाच लागतो.

मुलाचं नशीब एवढंच की लूपमधलं चल ‘लेट’ने घोषित केलं होतं. जुन्या ‘व्हार’ने केलं असतं, तर सगळ्या नोंदींना लूप संपल्यानंतरची एकच किंमत दिसली असती आणि यादीबाहेरचा ३९३ वा सभासद शोधता शोधता प्रत्येक नोंद चुकीवर आपटली असती. याच कुळातली आणखी एक चूक कंसांची. सेटटाइमआउटला फंक्शनचं नाव द्यायचं असतं. नावापुढे कंस लिहिले की फंक्शन जागच्या जागी चालतं आणि सेटटाइमआउटच्या हाती त्याचं उत्तर पडतं, जे बहुधा काहीच नसतं.

पहिल्या आवृत्तीची सोपी डागडुजी म्हणजे वेळेला फेरीच्या क्रमांकाने गुणणं: पहिल्याला एक सेकंद, दुसऱ्याला दोन, शेवटच्याला ३९२. चालतं. पण सगळ्या वेळा आधीच ठरून गेल्यामुळे गेटवेने मध्येच ‘जरा दम धरा’ म्हटलं, तर ते ऐकणारं कुणी नसतं.

दुसरी आवृत्ती: पान गोठलं

मग मुलाने ‘खरं’ थांबणं लिहिलं. आत्ताची वेळ टिपायची आणि एक सेकंद उलटेपर्यंत व्हाइल लूप नुसता फिरवत ठेवायचा. कोड खरोखर थांबतो. त्याच्यासोबत बाकी सगळंही थांबतं.

ब्राउझरच्या पानाला जावास्क्रिप्टसाठी मुख्य थ्रेड एकच असतो. क्लिक ऐकणं, प्रगतीची पट्टी रंगवणं, आलेली उत्तरं हाताळणं ही सगळी कामं त्याच थ्रेडवर, एका रांगेत होतात. हातातलं काम संपल्याशिवाय रांगेतलं पुढचं काम उचललं जात नाही. व्हाइल लूप सहा-साडेसहा मिनिटं सलग फिरला, तर तेवढा वेळ रांग जागच्या जागी. पट्टी शून्यावर, बटण दाबलेल्या अवस्थेत, लॅपटॉपचा पंखा घरघरतोय आणि शेवटी क्रोमची खिडकी: पान प्रतिसाद देत नाही, वाट पाहायची की बाहेर पडायचं?

काका दोन मिनिटांनी बाहेर पडले. दरम्यान विनंत्या जात होत्या, कारण प्रत्यक्ष नेटवर्कचं काम ब्राउझरची वेगळी प्रक्रिया करते आणि फेच हाक मारताच विनंती तिच्याकडे सुपूर्द होते. पानाला फक्त उत्तरं वाचता येत नव्हती. सुमारे १२० घरांना संदेश पोचले, म्हणजे पहिल्या दोन इमारती आणि तिसरीतली आठ घरं, पण त्याची नोंद कुठेच झाली नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘पाठवा’ दाबलं आणि त्या १२० घरांना बिल दोनदा गेलं. ‘दोनदा भरायचं का हो?’ असे फोन दिवसभर येत राहिले.

मुख्य थ्रेड अडवणारं थांबणं भाषेत अधिकृतपणेही आहे, ॲटॉमिक्सचं ‘वेट’. शेअर्ड मेमरीच्या एका जागेवर ते थ्रेडला झोपवतं आणि व्हाइल लूपसारखा प्रोसेसरही जाळत नाही. पण ब्राउझर ते मुख्य थ्रेडवर चालूच देत नाही, सरळ टाइपएरर फेकतो. वर्करमध्ये (पानाच्या मागे चालणाऱ्या वेगळ्या थ्रेडमध्ये) चालतं, नोडमध्ये (ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) मुख्य थ्रेडवरही चालतं. कमांड लाइनच्या एखाद्या छोट्या स्क्रिप्टपुरतं ठीक. वेब सर्व्हरमध्ये वापरलं, तर त्या सर्व्हरवरचे सगळेच ग्राहक ताटकळतात.

तिसरी आवृत्ती: ५०३ पासून वर

सर्वांत शिकण्याजोगी आवृत्ती हीच, कारण ती चाचणीत पास झाली.

या वेळी सेटइंटरव्हल वापरला. ३९२ जणांची रांग करायची, दर हजार मिलिसेकंदांनी रांगेतला पहिला काढायचा, पाठवायचा आणि पट्टी एक पाऊल पुढे सरकवायची. पान गोठत नाही, गेटवे कुरकुरत नाही. मुलाने समोर बसून पाहिलं, साडेसहा मिनिटांत ३९२ गेले.

एक तारखेला काकांनी दहा वाजता बटण दाबलं. चाळीस संदेश गेलेले पाहिले, समाधान झालं आणि ते बँकेचं खातं बघायला दुसऱ्या टॅबवर गेले. दहा वीसला लॅपटॉप मिटला. संध्याकाळी तक्रारी आल्या त्या एकाच इमारतीतून, सातव्या. तिथे ५०१ आणि ५०२ ला बिल आलेलं, ५०३ पासून चौदाव्या मजल्यापर्यंत कुणालाच नाही. इतर सहा इमारतींत सगळं आलबेल. सगळ्यांनी आधी यादीवर संशय घेतला, मग मोबाइल नंबरांवर, मग गेटवेवर.

हिशोब मांडला की गुन्हेगार दिसतो. क्रोम ८८ पासून, म्हणजे जानेवारी २०२१ पासून, दृष्टीआड असलेल्या पानाच्या टायमरांना तीन पायऱ्यांचा लगाम आहे. पान समोर असेल तर जवळपास मोकळीक. दृष्टीआड गेलं की टायमर सेकंदाला एकदाच तपासले जातात. आणि त्या वेळच्या नियमानुसार पान पाच मिनिटं दृष्टीआड राहिलं, टायमरांची साखळी (एका टायमरने पुढचा लावत जायचं) पाच किंवा जास्त कड्यांची झाली, पानातून निदान तीस सेकंद आवाज नाही आणि वेबआरटीसीची (ब्राउझरमधल्या थेट कॉलची) जोडणीही नाही, तर टायमर मिनिटाला एकदाच तपासले जातात. सेटइंटरव्हलच्या फेऱ्या साखळीतच मोजल्या जातात.

आता आकडे. टॅब बदलेपर्यंत ४०. पुढची पाच मिनिटं सेकंदाला एक, म्हणजे ३००. एकूण ३४०. उरलेले ५२ मिनिटाला एक या दराने, म्हणजे आणखी जवळपास तासभर. दहा वाजून पाच मिनिटं चाळीस सेकंदांपासून दहा वीसपर्यंत चौदा गेले आणि एकूण ३५४ झाले. सहा इमारतींचे ३३६ वजा केले तर सातवीत १८ उरतात: चार मजल्यांचे सोळा आणि पाचव्यावरचे दोन. नेमकं ५०२ पर्यंत.

ही पाच मिनिटांची सवलत ब्राउझर बनवणाऱ्यांनी ठरवलेली आहे, भाषेच्या मानकाने नाही. ती कधीही आखडू शकते, आणि दुसऱ्या ब्राउझरात वेगळी असते. टायमर वर्करमध्ये हलवला तर लगामातून बराचसा सुटतो हे खरं, आणि तो उपाय सर्रास सुचवलाही जातो. पण मिटलेल्या लॅपटॉपपुढे वर्करचंही काही चालत नाही. वेळेवर व्हायलाच हवं असं काम वापरणाऱ्याच्या उघड्या टॅबवर सोपवणं हीच मुळात गफलत होती. शिवाय गेटवेची गुप्त किल्ली इतके दिवस पानाच्या कोडमध्ये उघडी होती. एवढ्या एका कारणासाठीही हे काम सर्व्हरवर जायला हवं होतं.

सेटइंटरव्हलचा आणखी एक दोष इथे झाकला गेला. मागचं उत्तर आलं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. गेटवे तीन सेकंद घेऊ लागला, तर तीन विनंत्या एकाच वेळी अधांतरी राहतात.

चौथी आवृत्ती: सर्व्हरवर, आणि तिथेही

नोडवर ‘थांब’ हे फंक्शन एका ओळीचं असतं: नवं प्रॉमिस करायचं आणि त्याचं रिझॉल्व्ह सेटटाइमआउटच्या हाती द्यायचं. नोड १५ पासून टायमर्स-प्रॉमिसेस या मॉड्यूलमध्ये ते तयारच मिळतं. त्याच्या आधी अवेट लिहिलं की असिंक फंक्शन (ज्याच्या आत अवेट चालतं असं) त्या ओळीवर थबकतं. थबकतं ते फक्त फंक्शन. थ्रेड मोकळा असतो आणि इतर विनंत्या चालू राहतात.

मुलाने पहिल्यांदा ते फॉरईचच्या, म्हणजे यादीतल्या प्रत्येकासाठी दिलेलं फंक्शन (कॉलबॅक) चालवणाऱ्या सोयीच्या, आत लिहिलं. फॉरईच आपल्या कॉलबॅकने परत दिलेलं प्रॉमिस बघतच नाही, टाकून देतो. ३९२ असिंक फंक्शनं एकदम सुरू झाली, प्रत्येकजण आपापला एक सेकंद थांबला आणि सगळे एकत्र सुटले. पहिली आवृत्ती नव्या कपड्यांत परत आली. मॅप आणि प्रॉमिस-ऑल ही जोडीही इथे कामाची नाही. ती सगळं संपेपर्यंत थांबते, पण सुरू सगळं एकदमच करते, कारण प्रॉमिस हातात येतं तेव्हा त्यामागचं काम सुरू झालेलं असतं. एकामागून एक हवं असेल तर साधा फॉर-ऑफ लूप आणि त्याच्या आत अवेट.

थांबायचं किती, यातही मेख आहे. विनंतीला पाव सेकंद आणि त्यानंतर पूर्ण एक सेकंद असं केलं, तर प्रत्येकी सव्वा सेकंद, एकूण ४९० सेकंद. त्याऐवजी विनंती निघाली त्या क्षणापासून मोजून उरलेलाच वेळ थांबायचं. सर्वांत सुटसुटीत रीत म्हणजे विनंती आणि ‘थांब’ दोन्ही एकत्र सुरू करायचे आणि प्रॉमिस-ऑलने दोन्ही पुरे होईपर्यंत थांबायचं. अंतर हजाराऐवजी अकराशे मिलिसेकंद ठेवलं. हजाराच्या अंतराने निघालेल्या दोन विनंत्या वाटेतल्या कमीजास्त वेळामुळे गेटवेवर साडेनऊशेच्या अंतरानेही पोचू शकतात आणि ४२९ पदरात पडतो. ३९२ गुणिले १.१ म्हणजे ४३१ सेकंद, सात मिनिटं अकरा सेकंद. मोजमाप परफॉर्मन्स-नाऊने करायचं, डेट-नाऊने नाही. डेटचं घड्याळ यंत्रणेची वेळ दुरुस्त झाली की मागेपुढे उडी मारतं, परफॉर्मन्सचं पुढेच जातं.

४२९ आलाच, तर उत्तराच्या हेडरमध्ये रिट्राय-आफ्टर आहे का पाहायचं. त्यात सेकंद असतात किंवा तारीख-वेळ, दोन्ही वाचता यायला हवेत. हेडर नसेल तर एक, दोन, चार, आठ सेकंद अशी वाढती वाट, त्यात थोडा यादृच्छिक भाग, आणि पाच प्रयत्नांनंतर ‘नापास’ नोंदवून पुढे.

इतकं करूनही पहिल्या दिवशी बिलं दोनदा गेली. पान सर्व्हरला विनंती करत होतं आणि सर्व्हर सगळे ३९२ पाठवून झाल्यावरच उत्तर देणार होता. मध्ये विनंत्या पुढे पोचवणारा एनजिनएक्स हा सर्व्हर होता. मागच्या सर्व्हरकडून साठ सेकंद काहीच आलं नाही की तो ५०४ (वेळेत उत्तर नाही) देतो, ही त्याची मुळातली मर्यादा. काकांना चूक दिसली, त्यांनी पुन्हा दाबलं. पहिलं काम मागे चालूच होतं, दुसरंही सुरू झालं. दोन्ही आपापल्या परीने अकराशे मिलिसेकंद थांबत होती, पण खात्यावर मिळून सेकंदाला जवळपास दोन विनंत्या जात होत्या. साठची मर्यादा सहाशे करणं हा उपाय नाही, दुखणं पुढे ढकलणं आहे.

दुरुस्ती अशी. ‘पाठवा’ दाबल्यावर सर्व्हर कामाची नोंद करतो आणि लगेच २०२ (‘काम स्वीकारलं’) सह कामाचा क्रमांक देतो. पान दर पाच सेकंदांनी प्रगती विचारतं. इथे टायमर मंदावला तरी बिघडत नाही, फक्त आकडा उशिरा दिसतो. प्रत्येक घराची एक ओळ डेटाबेसात: बाकी, पाठवतोय, गेलं, नापास. महिना आणि सदनिका क्रमांक या जोडीवर युनिक बंधन, म्हणजे दुसऱ्यांदा दाबलं तरी दुसरी ओळ पडतच नाही. आणि रांग कामागणिक नाही, खात्यागणिक एकच. नाहीतर बिलं चालू असताना कुणी ‘शुक्रवारी पाणी बंद’ची सूचना सोडली की पुन्हा तोच घोळ.

‘पाठवतोय’ ही अवस्था का, असं वाटू शकतं. सर्व्हर मधेच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर त्या एका घराबद्दल खात्री नसते: विनंती गेली, पण उत्तर नोंदवायच्या आत वीज गेली असेल. अशी ओळ आपोआप पुन्हा पाठवायची नाही. आपल्या संदर्भ क्रमांकाने गेटवेला विचारायचं, ती सोय नसेल तर काकांपुढे ठेवायची. बाकीच्या ‘बाकी’ ओळी निर्धास्तपणे पुढे चालू.

पंचवीस दिवसांचं स्मरणपत्र

एक सुरुंग अजून पेरलेला होता. बिल न भरलेल्यांना पंचवीस दिवसांनी आठवण पाठवायची होती आणि मुलाने त्यासाठीही सेटटाइमआउटच लावला होता. आधी मुदत वीस दिवस होती, तेव्हा निमूट बसला होता. समितीने ती पंचवीस केली आणि बिल गेल्याबरोबर मागोमाग ‘आपली थकबाकी आहे’ असं ज्याला त्याला गेलं.

सेटटाइमआउटचा वेळ ३२ बिटांच्या चिन्हासह पूर्णांकात साठतो. कमाल २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद, म्हणजे २४ दिवस २० तास ३१ मिनिटं आणि २३ सेकंदांच्या थोडं वर. पंचवीस दिवसांचे होतात २,१६,००,००,०००. मर्यादा ओलांडली की नोड तो वेळ एक मिलिसेकंद करतो. सोबत टाइमआउट-ओव्हरफ्लोचा इशाराही छापतो, पण लॉग कोण वाचतं! शिवाय चोवीस दिवसांचा टायमर बसला असता तरी सर्व्हर एकदा रीस्टार्ट झाला की गेलाच. टायमर स्मृतीत असतो, डिस्कवर नाही. आता आठवणीची तारीख डेटाबेसात असते आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी सोय) रोज सकाळी दहाला ‘आज कुणाकुणाची’ एवढंच विचारतो.

काकांना ‘थांबवा’चं बटणही हवं होतं. टायमर्स-प्रॉमिसेसच्या ‘थांब’ला ॲबॉर्टकंट्रोलरचा सिग्नल देता येतो. बटण दाबलं की वाट पाहणं तिथेच तुटतं आणि ॲबॉर्टएरर येतो. तो वेगळा ओळखून काम ‘थांबवलं’ असं नोंदवायचं, ‘नापास’ नाही. हाच सिग्नल फेचला मात्र दिला नाही. निघालेली विनंती अर्ध्यावर तोडली तर संदेश गेला की नाही हा संशय आपणच ओढवून घेतो.

चाचणीसाठी दर वेळी सात मिनिटं बसायची गरज नाही. ‘थांब’ हे फंक्शन बाहेरून आत दिलं, तर चाचणीत खोटं ‘थांब’ देता येतं: ते लगेच सुटतं, पण किती थांबायला सांगितलं ते लिहून ठेवतं. ३९२ नोंदी अकराशेच्या, आणि मध्ये मुद्दाम घातलेल्या, रिट्राय-आफ्टरमध्ये दहा सेकंद सांगणाऱ्या ४२९ नंतर दहा हजारांची एक. यादी जुळली की झालं. टॅब मागे टाकून आणि काम चालू असताना सर्व्हर बंद पाडून अशा दोन चाचण्या तेवढ्या हातानेच केल्या.

पुढच्या एक तारखेला काकांनी दहा वाजता बटण दाबून लॅपटॉप लगेच मिटला. दहा वाजून आठ मिनिटांनी मोबाइलवर पान उघडलं तर आकडे होते: गेलं ३८९, नापास ३. एक नंबर नऊ आकडी, एक लँडलाइन, आणि एक सदनिका विकून गेलेल्या मालकांचा, बंद पडलेला. त्या तीन घरांची बिलं वॉचमनने लेटरबॉक्समध्ये टाकली.